दवाखान्याचं बिल वाढायच्या आधी मदत कशी गाठायची: शेजाऱ्यांसाठी आणि गाववाल्यांसाठी

कोणाच्या घरी मोठं आजारपण आलं की पहिल्या रात्री काय चालतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पेशंट आयसीयूत, बाहेर बाकावर बायको नाहीतर मुलगा, हातात डिपॉझिटची चिठ्ठी आणि फोनवर फोन, मामाला, मेव्हण्याला, दागिने ठेवून पैसे देणाऱ्याला. सरकारी योजनेची आठवण होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कोणीतरी भेटायला येतं आणि म्हणतं अहो हे तर फुले जन आरोग्य योजनेत बसलं असतं की, तोवर लाख-दीड लाख भरून झालेले असतात आणि ते परत येत नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. बहुतेक सगळी मदत उपचार चालू असताना किंवा त्याआधी मंजूर होते, होऊन गेलेल्या खर्चाची भरपाई जवळपास कोणीच देत नाही. पैसे गोळा करायच्या आधी विचारायला सुरुवात करायची, निदान दोन्ही एकाच वेळी.

हे मी पेशंटच्या घरच्यांसाठी लिहीत नाहीये, त्यांना त्या दिवसात वाचायला कुठला वेळ. हे त्या माणसासाठी आहे ज्याला पहिला फोन येतो. सोसायटीतले काका, बचत गटाच्या ताई, शाळेतले सर, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेला गावचा मुलगा. महाराष्ट्रात मदत आहे, खूप आहे, पण ती पाच खात्यात विखुरलेली आहे आणि प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि आजारी माणसाच्या घरच्यांनी ती शोधत फिरायचं ही अपेक्षाच चुकीची आहे. शोधायचं काम आपण घ्यायचं.

पहिला फोन आला की

अपघात, छातीत कळ, अर्धांग, बाळंतपणात काही अडलं, अशा वेळी १०८. ती ॲम्ब्युलन्स फुकट आहे, राज्यात २०१४ पासून चालू आहे, आत डॉक्टर असतो, तरी अजून लोक खाजगी गाडीला हजारो रुपये देतात. गाडीत असतानाच विचारा की जवळ फुले योजनेतलं किंवा सरकारी हॉस्पिटल कुठलं, कारण एकदा भलत्या ठिकाणी ॲडमिट झालं की तिथून हलवणं फार अवघड जातं.

फोनवर घरच्यांना चारच गोष्टी विचारा, जास्त नको, ते आधीच गोंधळलेले असतात. डॉक्टरांनी आजार काय सांगितला, कुठल्या हॉस्पिटलात आहात, पेशंटचं वय किती, आणि रेशनकार्डात पेशंटचं नाव आहे का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेचं, दुसऱ्या गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईचं नाव नेमकं कार्डात नसतं आणि सगळं तिथे अडतं. मग घरी जो कोणी असेल त्याला सांगा रेशनकार्डाच्या सगळ्या पानांचे, सगळ्यांच्या आधारकार्डाचे, बँक पासबुकाचे फोटो काढून पाठव, आणि मूळ कागद पिशवीत घालून जो माणूस हॉस्पिटलला निघेल त्याच्याजवळ दे.

कामाची वाटणी पण तिथल्या तिथे करून टाका. एक माणूस हॉस्पिटलात, एक गावात तहसीलला, एक फोनवर. हॉस्पिटलातल्याने गावात पळायचं आणि परत यायचं असं झालं की दोन दिवस जातात आणि माणूस पण थकून जातो.

हॉस्पिटलात कोणाला शोधायचं

बिलिंग काउंटरवर योजनेचं विचारू नका, तिथला माणूस डिपॉझिटचंच बोलणार, त्याचं कामच ते आहे. दोन माणसं शोधायची.

एक आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जे हॉस्पिटल आहे तिथे त्याचं टेबल असतं, बहुतेक दाराजवळच. दुसरे समाजसेवा अधीक्षक, खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यांना मेडिकल सोशल वर्कर म्हणतात. केईएम, सायन, जेजे, ससून अशा मोठ्या ठिकाणी त्यांचा अख्खा विभाग असतो. औषध बाहेरून आणायला सांगितलंय आणि पैसे नाहीत, घरी सोडायला गाडी नाही, नातेवाइकाला झोपायला जागा नाही, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा ते कळत नाही, हे सगळं त्यांचं काम आहे, आणि खूप लोकांना ही माणसं हॉस्पिटलात असतात हेच माहीत नसतं. पहिल्याच दिवशी जाऊन त्यांना भेटा, केसपेपर दाखवा, खरी परिस्थिती सांगा. लाजू नका, घरात किती कमावतात, कर्ज किती, शेती किती, सगळं सांगा, कारण ट्रस्टला पत्र लिहिताना ते याच गोष्टी लिहितात.

फुले योजना

ही २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, आणि जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, आयुष्मान भारतशी जोडलेली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पांढरं कार्ड आहे म्हणून आपल्याला मिळत नाही असं अजूनही घरोघरी समजतात, ते आता जुनं झालं.

चालते कशी, तर ठराविक आजारांची आणि ऑपरेशनची यादी आहे, प्रत्येकाचं पॅकेज ठरलेलं. आरोग्यमित्र नाव नोंदवतो, हॉस्पिटल कागद आणि रिपोर्ट वर पाठवतं, मंजुरी आली की उपचार कॅशलेस. पॅकेजात तपासण्या, औषधं, ऑपरेशन, पेशंटचं जेवण, घरी जायचं भाडं आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा फॉलोअप धरलेला असतो, म्हणून योजनेत ॲडमिट असताना कोणी हे इंजेक्शन बाहेरून आणा म्हणालं तर आधी आरोग्यमित्राकडे जा, लगेच मेडिकलला पळू नका. अगदीच तातडीची केस असेल तर फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात, फक्त हे आपण आठवण करून द्यावं लागतं.

एक फसगत इथे नेहमी होते. हॉस्पिटलच्या दारावर योजनेची पाटी असते पण ते हॉस्पिटल सगळ्या आजारांसाठी योजनेत असतंच असं नाही, हाडांसाठी असेल आणि हृदयासाठी नसेल. म्हणून नुसतं तुमच्याकडे योजना आहे का असं विचारू नका, आजाराचं नाव घेऊन विचारा. नाही म्हणाले तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करून जवळचं दुसरं कुठलं ते विचारा, आणि पेशंटची तब्येत हलवण्यासारखी आहे का ते डॉक्टरांनाच विचारून मग ठरवा.

घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अटच नाही, आधारवर निघतं. हे आजारी पडायच्या आधी काढून ठेवायचं काम आहे, या रविवारी आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या आजी-आजोबांचं करून टाका.

आणि साधं सिव्हिल हॉस्पिटल विसरू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, तपासणी आणि उपचार मोफत केलेत. मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची हॉस्पिटलं वेगळी, तिथे थोडे पैसे लागतात, पण तिथे फुले योजना असते.

ट्रस्टचं हॉस्पिटल

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इथली कितीतरी मोठी, काचेची, पंचतारांकित वाटणारी हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय ट्रस्ट आहेत. त्यांना त्या नावाखाली सवलती मिळतात, आणि त्याबदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई हायकोर्टाने २००६ ला मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचे असतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. ३ लाख ६० म्हणजे महिन्याला तीस हजार, रिक्षावाले, वॉचमन, दुकानात कामाला असणारे, छोटे शेतकरी, आपल्या ओळखीतले किती लोक यात बसतात बघा. हा त्यांचा हक्क आहे, कोणाच्या ओळखीने मिळणारी मेहेरबानी नाही.

पैसा कुठून येतो तेही माहीत असू द्या, बोलताना उपयोग होतो. प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलने आपल्या एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला टाकायची असते, आणि गरीब पेशंटच्या औषधांचा, इम्प्लांटचा खर्च त्यातून करायचा असतो. त्यामुळे फक्त बेड मोफत, बाकी सगळं तुम्ही भरा, असं सांगितलं तर निर्धन रुग्ण निधीतून करा असं शांतपणे म्हणा, आणि लेखी म्हणा.

करायचं काय तर ॲडमिट होतानाच सोशल वर्करकडे लेखी अर्ज द्या की आम्हाला धर्मादाय योजनेत घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का किंवा निदान तारीख घ्या. सोबत रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखला तयार नसेल तरी अर्ज थांबवू नका, दाखला आणून देतो असं त्यातच लिहा. तातडीची केस असेल तर त्या योजनेतच लिहिलंय की पेशंटला लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, निर्धन पेशंटकडून डिपॉझिट मागायचं नाही.

बेड शिल्लक नाहीत हे उत्तर हमखास मिळतं. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर हॉस्पिटलनिहाय बेडची माहिती असते, तिचा स्क्रीनशॉट काढून सोशल वर्करला दाखवा. तरी नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा, आणि तक्रार केली आहे हे हॉस्पिटलला सांगा. भांडू नका, आवाज चढवू नका, आत आपलं माणूस आहे. पण कागद सोडू नका, तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही.

उत्पन्नाचा दाखला हे गावातल्या माणसाचं काम. तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र किंवा आपले सरकार पोर्टल, मग तहसील. याला दिवस जातात म्हणून पहिल्या दिवशीच अर्ज टाका, आणि तहसीलदारांना भेटून हॉस्पिटलचा केसपेपर दाखवा, ॲडमिट पेशंटचं प्रकरण आहे म्हटल्यावर बरेच जण लवकर करून देतात. ग्रामपंचायत सदस्याने सोबत जावं, मतं मागताना घरी येतात तसं आता पण यावं.

बाकी पैशांच्या वाटा

मुख्यमंत्री सहाय्यता निधी ही जिथे बाकीच्या योजना बसत नाहीत तिथली वाट. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, खाजगी हॉस्पिटल असेल तर ते सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, पेशंटचा ॲडमिट असलेला जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो, अपघात असेल तर एफआयआर. हॉस्पिटल त्यांच्या यादीत असावं लागतं आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. जिल्हाधिकारी कार्यालयात आता याचा कक्ष असतो, मुंबईला मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही. अर्जाला एक रुपया फी नाही, मी करून देतो इतके टक्के द्या म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पेशंटच्या घरच्यांपासून लांब ठेवा, हे आपलं काम.

लहान मुलांच्या हृदयाला छिद्र वगैरे असेल तर धावत मुंबई गाठायच्या आधी अंगणवाडी ताईला किंवा शाळेला विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा ऑपरेशनची सोय मोफत होते, ग्रामीण रुग्णालयातलं पथक पुढे पाठवतं. किडनीवाल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय असते. मुंबईत सिद्धिविनायक मंदिर ट्रस्ट वैद्यकीय मदत देतो, लालबागच्या राजाच्या मंडळाचं अल्प दरातलं डायलिसिस सेंटर आहे. टीबीचा पेशंट असेल तर पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नाव निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंदवलंय का आणि खातं जोडलंय का तेवढं आरोग्य केंद्रात बघा.

वर्गणी काढायची वेळ आलीच तर ती पण नीट काढा. क्यूआर कोड पेशंटच्या घरच्यांच्या खात्याचा, मधल्या कोणाचा नको, किंवा सरळ हॉस्पिटलात भरा आणि पावती ग्रुपवर टाका. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो घरच्यांना न विचारता फिरवू नका. तो माणूस बरा होऊन याच गल्लीत राहणार आहे, त्याच्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तो फोटो बघितलेला असतो.

राहायचं, जेवायचं, यायचं-जायचं

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं बघितली असतील, त्यातली कितीतरी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली असतात. कॅन्सरची ट्रीटमेंट महिनोन्महिने चालते आणि घर मोडतं ते बऱ्याचदा भाड्याने आणि जेवणाने. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे राहणं मोफत. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलच्या सोशल वर्करचं पत्र लागतं आणि वेटिंग असतं, म्हणून ॲडमिट व्हायची तारीख मिळाल्या दिवशीच पत्र मागा. पुण्यात ससूनला दगडूशेठ गणपती ट्रस्टतर्फे पेशंटना जेवण मिळतं, तिथे गेल्यावर वॉर्डात विचारा.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म भरून घ्यायचा आणि तो स्टेशनच्या खिडकीवर दाखवायचा. एसटीत पण काही गंभीर आजारांना सवलत आहे, आगारात विचारा.

आणि पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाकडे लक्ष द्या. तो आठ-आठ दिवस नीट झोपलेला नसतो. एक रात्र तुम्ही बसा, त्याला घरी पाठवा. त्याचं मन फार खचलंय असं वाटलं तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात, चोवीस तास, फुकट. घरात बाईला मारहाण असेल तर १८१, एकटं पडलेलं लहान मूल असेल तर १०९८, म्हाताऱ्या माणसांचं काही असेल तर १४५६७, फुकट वकील हवा असेल तर १५१००, आणि हा वकील बायकांना उत्पन्न न बघता मिळतो. हे नंबर बिल्डिंगच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

माणूस गेला तर

लिहायला जड जातं पण याच वेळी घरच्यांना सगळ्यात जास्त आधार लागतो. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवणं रुग्णहक्कांच्या सनदेत बसत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून प्रत्येक खाजगी हॉस्पिटलने ही सनद आणि दरपत्रक लावायचं असतं, भिंतीवर ते शोधा, फोटो काढा आणि प्रशासनाच्या माणसाला दाखवून बोला. ऐकलं नाही तर पोलिसांना ११२ वर फोन.

दिवसकार्य झालं की, घरच्यांना विचारून, पासबुक मागून घ्या. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कटलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना आहे, २ लाख मिळतात, २० रुपये कटलेले दिसले तर सुरक्षा विमा, तो अपघाती मृत्यूला. ज्याच्या खात्यातून कापले जातात त्यालाच कित्येकदा माहीत नसतं, मग बायकोला कुठून माहीत असणार. मृत्यूचा दाखला जास्तीच्या प्रतींसकट काढून घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर तिथे वेगळी मदत आहे, ते कार्ड शोधा. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख, कृषी सहाय्यकाला लगेच भेटा.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस, १८ ते ५९ वयातला, गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २० हजार मिळतात, तहसीलला अर्ज. त्याच खिडकीवर बाईसाठी संजय गांधी निराधार योजनेचं विचारा. आणि घरात १८ वर्षांखालची मुलं असतील तर बाल संगोपन योजना, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, आई हयात असली तरी मिळते, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. तिथे मुलांचा शाळेचा बोनाफाईड, आधार, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खातं लागतं. आईला एकटीला पाठवू नका, सोबत जा, पोहोच घ्या, आणि महिन्याभराने परत फोन करून अर्ज कुठवर आला ते तुम्हीच विचारा.